'शॅसी', आत्या आणि सर आयझॅक पिटमन

सेकंड इयरचा सेमिनार होता. विषय गाडीचा सांगाडा. स्लाइड्स तयार, पाठांतर चोख, शर्टाला कडक इस्त्री. उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात ठणकावून म्हणालो, 'चॅसिस'. मागच्या बाकांवरून खसखस पिकली. मला वाटलं प्रोजेक्टरवर काहीतरी चुकीचं दिसतंय, म्हणून मी मागे वळून पाहिलं. तिथे सगळं ठीक होतं. मग पुढची पंधरा मिनिटं मी तो शब्द आणखी दहा-बारा वेळा म्हणालो आणि दर वेळी हशा वाढत गेला. शेवटी सरांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तो शब्द 'शॅसी' आहे. सी-एच चा उच्चार 'श' आणि शेवटचा एस गायब!

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. तो शब्द मी पुस्तकात शंभर वेळा वाचला होता, पण कुणाच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. आमच्याकडचे गॅरेजवाले 'चासी' म्हणतात, पण ती चासी आणि पुस्तकातला हा शब्द एकच, हे कधी डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी मेसमध्ये जेवायलाही गेलो नाही. पुढचे कित्येक दिवस लेक्चरमध्ये शंका आली तरी विचारायची हिंमत होईना. न जाणो, आणखी एखादा शब्द दगा द्यायचा!

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला आत्याकडे गेलो. आत्या कोर्टात स्टेनो होती, आता रिटायर झाली आहे. तिला हा सगळा किस्सा सांगितला. मला वाटलं तीही हसेल. ती हसली नाही. उठली, माळ्यावरची ट्रंक काढायला लावली आणि त्यातून एक पिवळं पडलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. पिटमनच्या शॉर्टहँडचं पुस्तक. म्हणाली की ज्या माणसाने हे काढलं, त्याचंही लहानपणी असंच झालं होतं, तेव्हा आधी त्याची गोष्ट वाच.

खरं सांगतो मित्रांनो, 'पिटमन' हे एखाद्या माणसाचं नाव असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्यांवर 'पिटमन शॉर्टहँड' वाचून मला ते एखाद्या मशीनच्या कंपनीचं नाव वाटायचं. सुट्टीत आणि नंतर कॉलेजच्या लायब्ररीत बसून या माणसाबद्दल जे वाचलं, ते इथे सांगतो.

आयझॅक पिटमनचा जन्म 4 जानेवारी 1813 रोजी इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, ट्रोब्रिज नावाच्या गावी झाला. ट्रोब्रिज हे लोकरी कापडाचं गाव. वडील सॅम्युएल पिटमन एका कापड गिरणीत मुकादम होते. घरात अकरा भावंडं. शाळेच्या कोंदट वर्गात आयझॅकला चक्कर यायची, त्यामुळे तेराव्या वर्षाच्या आसपासच शाळा सुटली आणि पोरगं गिरणीत कारकून म्हणून चिकटलं.

शाळा सुटली, पण वाचन सुटलं नाही. कामाच्या आधी पहाटे आणि कामानंतर रात्री तो वाचत बसे. आणि इथेच त्याचा घोटाळा झाला. त्याच्या आजूबाजूला सगळे गिरणीतले लोक, त्यांची बोली विल्टशायरची. पुस्तकातले भारदस्त शब्द तिथे कोण बोलणार? त्यामुळे हे शब्द त्याला डोळ्यांनी माहीत, कानांनी नाहीत. तोंडातून काढायला जावं तर उच्चार चुकायचा.

वाचता वाचता मी इथे थांबलो. अरे, हा तर मीच!

पण पुढे त्याने जे केलं ते मी केलं नव्हतं. मी गप्प बसलो होतो. त्याने जॉन वॉकर यांचा उच्चारकोश घेतला. हा कोश 1791 साली निघालेला आणि त्या काळी उच्चारासाठी प्रमाण मानला जाणारा. आयझॅकने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. आपण जे शब्द चुकीचे उच्चारत होतो ते एकेक करून वहीत उतरवले आणि घोकले. डिक्शनरी कादंबरीसारखी वाचणारा माणूस! पण त्या वाचनातून त्याच्या मनात एक शंका रुतून बसली. आपण चुकतो हे खरं, पण चूक फक्त आपली आहे का? जे लिहिलंय तेच वाचलं, तर चुकलो कसा?

या शंकेत काय दम आहे ते जरा बघू. इंग्रजीत अक्षरं 26. त्यातले पाच स्वर काढले तर व्यंजनांची अक्षरं उरतात 21. पण तोंडातून निघणारे व्यंजनांचे आवाज आहेत साधारण 24. म्हणजे मुळातच अक्षरं कमी. त्यातही सी, क्यू आणि एक्स यांचा स्वतःचा असा आवाजच नाही. सी कधी 'क' होतो, कधी 'स'. क्यू म्हणजे 'क' आणि एक्स म्हणजे बहुतेक वेळा 'क्स'. उलट 'श' या एका आवाजाला किती वेश! 'शिप'मध्ये एस-एच, 'मशीन'मध्ये सी-एच, 'शुअर'मध्ये नुसता एस, 'स्टेशन'मध्ये टी-आय, 'स्पेशल'मध्ये सी-आय, 'मिशन'मध्ये डबल एस-आय. 'फ'चंही तेच. 'फॅन'मध्ये एफ, 'फोन'मध्ये पी-एच, 'लाफ'मध्ये जी-एच. आणि तोच जी-एच 'नाइट'मध्ये तोंडावर बोट ठेवून गप्प बसतो.

हे असं का झालं? कॅक्स्टनने 1476 साली इंग्लंडमध्ये छापखाना आणला आणि त्यानंतर हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं. लोकांचे उच्चार मात्र बदलतच राहिले. 'नाइफ'मधला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा, पुढे तो बोलण्यातून गेला आणि कागदावर राहिला. काही अक्षरं तर पंडितांनी मुद्दाम घुसवली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिनमधल्या 'डेबिटम' या मूळ शब्दाची आठवण राहावी म्हणून सोळाव्या शतकात विद्वानांनी तो बी आत टाकला. म्हणजे आपण शाळेत त्या बी-पायी छड्या खाल्ल्या, त्याचं कारण हे!

असो. आयझॅक मोठा झाला. 1831 साली लंडनला बरो रोडवरच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत पाच महिने राहिला आणि मास्तर झाला. आधी बार्टन या गावी नोकरी केली. तिथेच 1835 मध्ये मेरी होलगेट या विधवा बाईंशी लग्न केलं. 1836 मध्ये वॉटन-अंडर-एज या गावी नवी शाळा काढायला गेला. तिथे तो स्वीडनबोर्गच्या शिकवणीवर चालणाऱ्या 'न्यू चर्च' या पंथात गेला. शाळेच्या कमिटीला हे रुचलं नाही आणि मास्तरांची नोकरी गेली. आयझॅकने मत बदललं नाही. त्याच गावात स्वतःची छोटी खासगी शाळा सुरू केली.

शॉर्टहँडचा नाद त्याला तरुणपणीच लागला होता. त्या वेळी सॅम्युएल टेलर यांची 1786 सालची पद्धत प्रचलित होती. ती आयझॅकला येत होती आणि तो ती पोरांनाही शिकवायचा. पण शॉर्टहँडची पुस्तकं महाग. म्हणून त्याने टेलरच्या पद्धतीचं एक स्वस्त पुस्तक लिहून लंडनच्या सॅम्युएल बॅगस्टर या प्रकाशकाकडे पाठवलं. बॅगस्टरशी त्याची ओळख होती, कारण त्यांच्या बायबलच्या आवृत्तीतले संदर्भ आयझॅकने एक पैसाही न घेता तपासून दिले होते. बॅगस्टरने हस्तलिखित एका जाणकार रिपोर्टरला दाखवलं. रिपोर्टरचं मत पडलं की टेलरची पुस्तकं बाजारात ढिगाने आहेत, या मास्तराने स्वतःचं काही नवं काढलं तर बघू.

दुसरा कुणी असता तर खट्टू होऊन बसला असता. आयझॅकने रिजेक्शनचा अर्थ नवीन स्पेसिफिकेशन असा घेतला! आणि तेव्हा त्याला ती जुनी शंका कामी आली. त्याने ठरवलं की आता अक्षरं लिहायचीच नाहीत, आवाज लिहायचे. 'नाइफ'मधला के बोलत नाही ना, मग लिहायचा नाही. 'फोन' पी-एच ने असो की एफ ने, आवाज 'फ' आहे, तर 'फ'चीच खूण. 15 नोव्हेंबर 1837 रोजी त्याची छोटीशी पुस्तिका बाहेर पडली. नाव 'स्टेनोग्राफिक साउंड-हँड' आणि किंमत चार पेन्स. तेव्हा त्याचं वय होतं 24.

या पद्धतीची खरी गंमत व्यंजनांत आहे. इथे आत्याने मला पेन्सिल घेऊन बसवलं. म्हणाली, घशावर बोट ठेव आणि लांब 'स्स्स' म्हण. घसा शांत. आता डास गुणगुणतो तसा 'झ्झ्झ' म्हण. घसा थरथरला! जीभ हलली का? नाही. ओठ? नाही. तोंडाची ठेवण तीच, फक्त आतलं मशीन चालू झालं. 'प' आणि 'ब' यांचं तसंच. 'ट-ड', 'च-ज', 'क-ग', 'फ-व्ह', 'श' आणि त्याचा घोष जोडीदार, सगळ्यांचं तसंच. इंग्रजीत अशा आठ जोड्या आहेत. आठ दुणे सोळा, आणि उरलेले म, न, ङ, ल, र, व, य, ह हे आठ. झाले चोवीस!

पिटमनने काय केलं, तर जोडीला एकच रेघ दिली. अघोष आवाजाला बारीक रेघ आणि घोष आवाजाला तीच रेघ दाबून, जाड. डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ बारीक काढली तर 'प', जाड काढली तर 'ब'. उभी रेघ बारीक 'ट', जाड 'ड'. उलट्या बाजूने तिरपी रेघ 'च' आणि 'ज'. आडवी रेघ 'क' आणि 'ग'. जे आवाज तोंडात फटकन अडतात आणि सुटतात त्यांना सरळ रेघा, आणि 'फ', 'स', 'श' यांच्यासारखे जे घासत, वाहत बाहेर येतात त्यांना वक्र रेघा. 'म' म्हणजे कमान, 'न' म्हणजे उलटी करून ठेवलेली तीच कमान. स्वरांसाठी बाजूला ठिपके आणि छोट्या रेघा, आणि सराव झाला की बरेचसे स्वर गाळूनही वाचता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर घोष आणि अघोष हा एका बिटचा फरक त्याने रेघेच्या जाडीत साठवला. 1837 साली!

आणि आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पिटमनच्या तक्त्याचा क्रम आहे प-ब, ट-ड, च-ज, क-ग. म्हणजे ओठांपासून सुरू करून मागे घशाकडे जायचं. आपण बालवाडीत काय घोकलं? क, च, ट, त, प. म्हणजे घशापासून ओठांकडे यायचं! तोच रस्ता, फक्त उलट दिशेने. आणि 'क' नंतर 'ग', 'प' नंतर 'ब' ही जोडी तर आपल्या प्रत्येक ओळीत बसलेली आहेच. जे इंग्रजीला नव्याने बांधून द्यायला एका मास्तराला आयुष्य घालवावं लागलं, ते आपल्याला पाटीवरच मिळालेलं असतं आणि आपण त्याच्याकडे कधी वळूनही बघत नाही.

1839 मध्ये पिटमन बाथ शहरात राहायला गेला. लगेच पुढच्या वर्षी, 10 जानेवारी 1840 पासून, इंग्लंडमध्ये देशभर कुठेही एका पेनीत पत्र जाऊ लागलं. पिटमनने संधी अचूक हेरली. आपली सगळी पद्धत एका तक्त्यावर कोरून घेतली आणि तो तक्ता एका पेनीला विकायला काढला. पद्धतीला नवं नाव दिलं 'फोनोग्राफी'. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी बायबलमधल्या ओळी या लिपीत लिहून टपालाने पाठवायच्या, पिटमन त्या फुकट तपासून परत पाठवणार. पुढे पत्रं इतकी वाढली की 1843 मध्ये हे तपासण्याचं काम करणाऱ्या जाणकारांची एक संस्थाच उभी राहिली. आज आपण घरबसल्या ऑनलाईन कोर्स करतो, त्याचं आद्य रूप म्हणून या टपाली वर्गाचं नाव घेतलं जातं.

त्याचे भाऊही या कामात उतरले. थोरला जेकब 1838 मध्येच ऑस्ट्रेलियाला गेला होता, त्याने तिकडे ही पद्धत नेली. सिडनीच्या रुकवुड दफनभूमीत त्याच्या थडग्यावरचा मजकूर सुधारलेल्या स्पेलिंगमध्ये कोरलेला आहे. दुसरा भाऊ बेन अमेरिकेत सिनसिनाटीला स्थायिक झाला. 1865 मध्ये अब्राहम लिंकन यांच्या खुनाच्या कटाचा खटला चालला, तेव्हा साक्षी-जबाब टिपून घेण्याची जबाबदारी याच बेन पिटमनवर होती.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट झाली. पण पिटमनला स्वतःला विचारलं असतं तर शॉर्टहँड हे त्याचं अर्धंच काम होतं. त्याला इंग्रजीचं स्पेलिंगच बदलायचं होतं. गरिबाच्या पोराची उमेदीची वर्षं स्पेलिंग पाठ करण्यात जातात, आणि तरीही तो चारचौघांत चुकतो, हे त्याला सलत होतं. त्याने केंब्रिजला शिकलेल्या अलेक्झांडर जॉन एलिस या विद्वानाला बरोबर घेतलं. (संगीतातल्या एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग पाडून त्याला 'सेंट' हे माप देणारा तो हाच एलिस.) दोघांनी मिळून एक आवाज एक अक्षर अशी नवी वर्णमाला तयार केली. नवे खिळे पाडून घेतले, छपाई केली. 1849 मध्ये एलिसने या नव्या लिपीत चक्क एक वर्तमानपत्र काढलं. ते थोड्याच काळात बुडालं आणि एलिसचा भरपूर पैसा घेऊन बुडालं.

पिटमन मात्र हटला नाही. पहाटे उठायचं, सहाच्या सुमाराला कामावर बसायचं. दारू नाही, तंबाखू नाही, मांसाहारही नाही. शॉर्टहँडच्या पुस्तकांतून जे मिळेल ते बरचसं स्पेलिंगच्या सुधारणेत ओतायचं. स्वतःच्या नियतकालिकात तो सुधारलेल्या स्पेलिंगमध्ये छापायचा. स्वतःचं नावसुद्धा त्याने उच्चाराप्रमाणे लिहायला सुरुवात केली, म्हणजे सुरुवातीला ई-आय आणि शेवटी के! आपल्याकडे ऋग्वेदाच्या संपादनामुळे माहीत असलेले मॅक्स म्युलर यांनी 1876 मध्ये लेख लिहून या चळवळीची बाजू घेतली. तरीही सरकार, शाळा आणि छापखाने जागचे हलले नाहीत.

यात सगळा दोष जगाचा नव्हता, हेही सांगायला हवं. पिटमनचा एक स्वभावदोष होता. त्याला सुधारणा केल्याशिवाय राहवायचं नाही. आज एक खूण, उद्या दुसरी. 1857 मध्ये त्याने शॉर्टहँडमधल्या स्वरांच्या खुणांचा क्रमच बदलला. हजारो लोक जुन्या पद्धतीने शिकून पोटाला लागले होते, त्यांचं काय? अमेरिकेतल्या लोकांनी नवी आवृत्ती सरळ नाकारली आणि भाऊ बेनही जुन्याच पद्धतीवर राहिला. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी मोडली की युजर तुटतो, हे आपण आज सॉफ्टवेअरमध्ये शिकतो. पुढे 1888 मध्ये ग्रेग याने जाड-बारीक रेघांची भानगड नसलेली पद्धत काढली आणि अमेरिका तिच्याकडे वळली.

शिवाय मूळ प्रश्नही सोपा नव्हता. उच्चाराप्रमाणे लिहायचं, पण कुणाच्या उच्चाराप्रमाणे? 'कार'मधला शेवटचा आर लंडनचा माणूस गिळतो आणि स्कॉटलंडचा माणूस स्पष्ट म्हणतो. आणि न बोलणारी सगळीच अक्षरं काही निकामी नसतात. 'बॉम'मधला मुका बी 'बॉम्बार्ड'मध्ये बोलतो, 'साइन'मधला मुका जी 'सिग्नल'मध्ये बोलतो. त्यामुळे हे शब्द एका घरातले आहेत हे कळतं. स्पेलिंग आवाजाशी बेइमान असलं तरी नात्याशी इमान राखतं.

1857 मध्ये मेरी वारली. 1861 मध्ये पिटमनने इझाबेला मास्टर्स यांच्याशी दुसरं लग्न केलं. त्यांना आल्फ्रेड आणि अर्नेस्ट हे दोन मुलगे झाले आणि 1886 मध्ये ते वडिलांच्या धंद्यात भागीदार झाले. शॉर्टहँड तोवर कोर्ट, पार्लमेंट, वर्तमानपत्रं, कचेऱ्या सगळीकडे पोहोचलं होतं. 1894 मध्ये राणी व्हिक्टोरियाने गिरणी मुकादमाच्या या पोराला 'सर' केलं. 22 जानेवारी 1897 रोजी बाथमध्ये सर आयझॅक पिटमन वारले. वय 84. इंग्रजीचं स्पेलिंग होतं तिथेच होतं.

मग हा माणूस हरला का? मला तसं वाटत नाही. डिक्शनरीत शब्दापुढे कंसात जो उच्चार दिलेला असतो, त्यात 'श'साठी एक लांबट, उभं चिन्ह असतं. थेट आपल्या एम-वनमधल्या इंटिग्रलसारखं दिसणारं! ते चिन्ह आणि त्याचा घोष जोडीदार, दोन्ही पिटमनच्या 1847 सालच्या वर्णमालेतले आहेत. पुढे 1886 मध्ये पॅरिसला ध्वनिशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने जी चिन्हं ठरवली त्यांच्या मुळाशी पिटमन आणि एलिस यांचंच काम आहे. स्पेलिंग बदललं नाही, पण खरा उच्चार बाजूला लिहायची सोय झाली. जॉर्ज बर्नार्ड शॉ आपली नाटकं पिटमनच्या शॉर्टहँडमध्येच लिहून काढायचे. त्यांचं 'पिग्मॅलियन' उच्चारांवरच उभं आहे, आणि त्यावरूनच पु. लं.नी आपली 'ती फुलराणी' केली. पिटमनचा नातू जेम्स याने लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी 44 चिन्हांची वर्णमाला काढली. 1961 पासून इंग्लंडच्या काही शाळांत ती वापरलीही गेली, पण तीही टिकली नाही. खानदानी हट्ट, दुसरं काय!

आता माझ्यासारख्यांसाठी थोडं कामाचं. आत्याने त्या सुट्टीत जे शिकवलं त्यातलं एवढं तरी लक्षात ठेवा.

एक, अनेकवचनाचा एस मागच्या आवाजाप्रमाणे बदलतो. 'बोल्ट'चा 'ट' अघोष, म्हणून 'बोल्ट्स'. 'पंप'चं 'पंप्स'. पण घोष आवाजानंतर तो 'झ्' होतो, म्हणून 'गिअर्झ', 'रॉड्झ'. आणि 'स्विच'चं 'स्विचिझ'. भूतकाळाच्या ई-डी चंही तसंच आहे. 'चेक'चं 'चेक्ट', 'प्लॅन'चं 'प्लॅन्ड', 'टेस्ट'चं 'टेस्टिड'. आपण सरसकट 'चेकेड' म्हणतो, ते चुकतं. घशावर बोट ठेवलं की नियम पाठ करावा लागत नाही.

दोन, 'मेझर' म्हणजे मोजणे आणि 'मेजर' म्हणजे मोठा, हे दोन वेगळे आवाज आहेत. पहिल्यात 'श' म्हणत म्हणत घसा चालू करायचा. दुसऱ्यात आपला नेहमीचा 'जीवन'मधला 'ज'. हा पहिला आवाज मराठीत नाही, म्हणून तो मुद्दाम करून बघावा लागतो.

तीन, 'व्हॉल्व्ह'मध्ये वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वॉल'मध्ये ओठांचा चंबू होतो. मराठीत आपण 'व्ह' आणि 'व' वेगळे लिहितो, मग बोलतानाही ते वेगळे ठेवायला काय हरकत आहे?

चार, 'थर्मल'मधला 'थ' आपल्या 'थाळी'चा नव्हे. जिभेचं टोक दातांत हलकेच धरून नुसती हवा सोडायची.

पाच, मुकी अक्षरं. 'न्यूमॅटिक'मधला पी, 'प्लमर'मधला बी, 'रिसीट'मधला पी. यांना नियम नाही. पिटमनने केलं तेच करायचं, वही घालायची.

आणि हो, इंग्रजीला हसण्याआधी आपलंही बघा. 'चाक' आणि 'चिमणी' यांत 'च' एकच लिहितो, पण म्हणतो का एक? 'जावई' आणि 'जीवन' यांतला 'ज' सारखा आहे का? बाहेरून मराठी शिकायला आलेला माणूस तिथे अडखळतो, तेव्हा आपण हसतोच ना?

यंदाच्या सेमिनारमध्ये आमच्या वर्गातला एक मित्र उभा राहिला. हायड्रॉलिक्स आणि न्यूमॅटिक्स हा विषय. त्याने सुरुवातीचा पी अगदी जोर लावून म्हटला. मागून खसखस झाली. मला हसू आलं नाही. मला कळलं की याने हा शब्द स्वतः पुस्तकातून वाचलाय, कुणी त्याला आयता ऐकवलेला नाही. सेमिनार संपल्यावर त्याला चहाला घेऊन गेलो, खरा उच्चार सांगितला आणि गिरणीतल्या त्या पोराची गोष्टही सांगितली. दोघांनी टपरीवर बसून घशाला बोटं लावून 'स्स्स' आणि 'झ्झ्झ' केलं. टपरीवाला आमच्याकडे बघतच राहिला!

आत्याचं पुस्तक आता माझ्या हॉस्टेलच्या खोलीत आहे. शॉर्टहँड काही मला अजून येत नाही, पण 'शॅसी' मात्र लिहिता येतं. त्यात ना सी लागतो, ना एच, ना शेवटचा एस.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी